दुरुस्त होऊन आलेला कागद ठेवायचा कशात? घरच्या घरी फोल्डर आणि पेटी

आधी माझा गाढवपणा सांगते म्हणजे बाकीचं का लिहितेय ते कळेल. सासऱ्यांच्या ट्रंकेत जत्रेच्या नाटकाचं एक जुनं हँडबिल सापडलं, घडीवर फाटलेलं, एका कोपऱ्यात देवळाचा जांभळा शिक्का. पणजीतल्या एका ओळखीच्या बाईंनी ते जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लावून इतकं सुंदर जोडून दिलं की फाटलं होतं कुठे ते शोधावं लागायचं. मी काय केलं, तर घरी आणून ते ट्रान्सपरंट प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घातलं, फाइल लोखंडी कपाटात, कपाट पश्चिमेच्या भिंतीला चिकटून, आणि जून लागला. चवथीच्या साफसफाईला कपाट उघडलं तर आधी वास आला, मग फाइल काढली तर तो जांभळा शिक्का प्लॅस्टिकवर उलटा उमटलेला, कागदावर नुसता फिकट डाग. दुरुस्ती तशीच्या तशी शाबूत होती बरं का, वाट लावली ती मी ठेवलेल्या फाइलने.

तर दुरुस्त केलेला कागद परत आला की त्याला लगेच त्याच्या मापाचं फोल्डर हवं, जाड काही असेल तर पेटी. हे घरी होतं, फार कौशल्य लागत नाही, फक्त माप घेताना घाई करायची नाही.

सामान

मुख्य म्हणजे कार्ड. ॲसिड-फ्री असं लिहिलेलं घ्या, आणि जमलं तर बफर्ड, म्हणजे ज्यात थोडं कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं, कागदातून सुटणारं आम्ल ते शोषून घेतं. फोल्डरला ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपास पुरतं, पेटीला साधारण १ मिमी जाडीचं. शीट मोठी घ्यायची, ५६ बाय ७६ सेंमी म्हणजे २२ बाय ३० इंच ही कॉमन साइज आहे, चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळते. कॉटन रॅगचा जाड हातकागदही चालतो पण नुसतं हँडमेड म्हटलं म्हणजे ॲसिड-फ्री झालं असं नाही, त्यात तुरटी असू शकते, म्हणून विचारून घ्या किंवा पीएच पेनने, म्हणजे आम्ल तपासायच्या पेनने, एका कोपऱ्यावर रेघ मारून बघा. जांभळी उठली तर ठीक, पिवळी राहिली तर ते कार्ड मुलांच्या प्रोजेक्टला द्या. आणि हे पेन कार्डवरच वापरायचं हं, चुकूनही मूळ कागदावर नाही, त्याची रेघ जात नाही.

खाकी पाकिटं, ब्राउन पेपर, साडीचे बॉक्स, बुटांचे बॉक्स, वहीच्या मागचा करडा पुठ्ठा, हे सगळं आम्लधर्मी असतं, कागदाला लागून ठेवू नका. आधीच असलेला पुठ्ठ्याचा बॉक्स बाहेरचं कव्हर म्हणून वापरायचा असेल तर वापरा, पण आत चांगलं फोल्डर असलंच पाहिजे.

बाकी स्टीलची पट्टी, गुण्या, धारदार कटर, HB पेन्सिल, सुई आणि जाड पांढरा सुती दोरा, आणि सुती नाडी, जी परकराला घालतात तीच पण न रंगवलेली. आमच्याकडे मी ती आणि मांजरपाट म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणते. घडीची रेघ मारायला बोन फोल्डर नावाचं हत्यार मिळतं, नसेल तर संपलेली बॉलपेनची रिफिल घ्या (खरंच संपलेली, आधी रद्दीवर घासून बघा), आणि घडी दाबायला स्टीलच्या चमच्याची पाठ.

गोंद आणि फेविकॉल या यादीत नाहीत हे लक्षात आलं असेल. मुद्दाम नाहीत. खळ आणि डिंक म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रण, आणि दुकानातल्या पांढऱ्या गोंदांतून वर्षानुवर्षं काय वाफ सुटत राहील ते आपण घरी तपासू शकत नाही. जिथे जोड लागेल तिथे शिवायचं. अगदीच शिवणकाम नको असेल तर थ्रीएमची ४१५ नंबरची दुहेरी चिकटपट्टी याच कामासाठी वापरली जाते, पण ती फक्त कार्डाला कार्ड जोडायला, मूळ कागदाच्या जवळपासही नाही. सेलोटेप, रबरबँड, स्टेपल, टाचणी हे घराबाहेर. पिनेला आपल्याकडे एका पावसात गंज चढतो.

माप

मापासाठी टेप वापरू नका, हूक अडकतो आणि कागदाची कड दुखावते. स्वच्छ टेबलावर कागद ठेवून बाजूला गुण्या टेकवून लांबी-रुंदी घ्यायची, आणि जाडी मात्र तीन ठिकाणी, दोन कोपऱ्यांत आणि मध्ये, त्यातली जी सगळ्यात जास्त ती धरायची. जिथे टिश्यूचं ठिगळ असतं तिथे कागद थोडा जाड आणि कडक असतो, तिथे हमखास चूक होते.

मग लांबी-रुंदीत ३ मिमी जास्त धरा. ही सूट कशासाठी तर कागद आणि कार्ड दोन्ही दमट हवेत फुगतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत आपली हवा त्यातल्या त्यात कोरडी, तेव्हा अगदी फिट्ट बसवलेली पेटी जुलैमध्ये कागदाला कडेने दाबायला लागते. पण ३ चे १० मिमी पण करू नका, सैल पेटीत कागद हलतो आणि प्रत्येक वेळी उचलताना कडा घासतात.

आणि ग्रेन. कारखान्यातल्या कागदाचे तंतू एका दिशेला जास्त लोळलेले असतात. शीट न मोडता नुसती हलकी वाकवून बघा, एकदा लांबीत एकदा रुंदीत, ज्या बाजूने ती मऊपणे वाकते त्या घडीच्या रेघेला ग्रेन समांतर. घडी ग्रेनच्या दिशेने आली की सरळ पडते, आडवी आली की कार्ड फाटल्यासारखं तडकतं आणि पाख, म्हणजे कागदावर दुमडून येणारी बाजू, कायम अर्धवट उघडं राहतं. हातकागदाला ग्रेन जवळजवळ नसतोच, तिथे ही भानगड नाही.

चार पाखांचं फोल्डर

समजा पत्रांची एक चळत आहे, १४ बाय २२ सेंमी, जाडी दीड सेंमी. मूळ तळ होईल १४.३ बाय २२.३. वरचं आणि खालचं पाख आधी बंद होतात, ती ११-११ सेंमी पुरे, त्यांची भिंत, म्हणजे तळ आणि पाख यांच्यामधली उभी राहणारी पट्टी, १.५. मग उजवं पाख, भिंत १.६, पाख १४. शेवटी डावं, भिंत १.७, पाख १४.३. भिंती अशा एकेक मिलिमीटरने का वाढतात तर प्रत्येक पुढचं पाख आधीच्या पाखाच्या वरून जातं, त्याला तेवढी उंची लागते. सगळ्या भिंती सारख्या ठेवल्यात तर शेवटचं पाख बंद होताना फुगतं, मी पहिली तीन फोल्डरं अशीच फुगलेली केली होती.

बेरीज करून बघा, आडवं १४.३ + १.७ + १४.३ + १.६ + १४ = ४५.९, उभं ११ + १.५ + २२.३ + १.५ + ११ = ४७.३. म्हणजे ५६ बाय ७६ च्या शीटमध्ये आरामात बसतं. ग्रेन २२ सेंमीच्या घडीला समांतर ठेवा कारण डावं-उजवं पाखच जास्त वेळा उघडलं जातं.

पेन्सिलने हलक्या रेघा आखा, चार कोपऱ्यांचे चौकोन कापून टाका, आता अधिकच्या चिन्हासारखा आकार मिळेल. वरच्या-खालच्या पाखांच्या बाजू टोकाकडे २-२ मिमी निमुळत्या करा नाहीतर भिंतीत अडकतात. कोपरे कात्रीने किंचित गोल केले तर कागदाला टोचत नाहीत. आता पट्टी लावून रिफिलने आतल्या बाजूने रेघ दाबा, दोन-तीनदा, हळू, एकदम जोर लावला तर कार्ड फाटतं. पट्टी तशीच धरून पाख बोटांनी वर उचला, पूर्ण उभं झालं की पट्टी काढा आणि चमच्याच्या पाठीने दाबा, पण चमचा आणि कार्ड यांच्यात एक साधा कागद ठेवा नाहीतर कार्डावर चकाकी येते. पुसायच्या रेघा आत्ताच पुसा आणि खोडरबराचा चुरा ब्रशने झाडून टाका.

आता एक वेगळं कार्ड १४ बाय २२ चं कापा आणि तळात सुटं ठेवा. हे आधाराचं कार्ड. कागद कधीही बोटांनी उचलायचा नाही, हे कार्ड उचलायचं, कागद त्याच्यावर बसून येतो. दुरुस्त केलेल्या कागदाला पाकिटात सरकवत का नाहीत त्याचंही कारण हेच, टिश्यूची कड पाकिटाच्या तोंडाला अडकते आणि जोडलेलं परत सुटतं. चारही बाजूंनी उघडणाऱ्या फोल्डरमध्ये सरकवणं हा प्रकारच नाही.

बंद करायला नाडी. एकदा आडवी गुंडाळायची आणि सुरगाठ, आणि गाठ वर पोटावर नाही तर कडेला, जिथे भिंत आहे. वर गाठ आली आणि त्यावर दुसरं फोल्डर ठेवलं की सहा महिन्यांनी त्या गाठीचा खड्डा आतल्या पत्रांत उतरलेला दिसतो.

पहिलं नीट जमलेलं फोल्डर सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "अगं हे तर पोथीच्या रुमालासारखंच झालं की." आणि खरंच तसंच आहे. पोथीला खाली-वर फळी, वरून चौकोनी कापड, चार टोकं एकावर एक, मग दोरी. पेशवे दप्तरातले कागदही असेच रुमालात बांधलेले असायचे आणि त्या गठ्ठ्यालाच रुमाल म्हणतात. नवीन काही नाही, आपण फक्त कापडाच्या जागी कार्ड घेतलं.

जाड चोपडीसाठी पेटी

हिशोबाच्या चोपड्या, बांधणी सुटलेली पुस्तकं, यांना एका शीटमधली घडी पुरत नाही, वजनाने वाकते. इथे १ मिमी कार्डाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवून जोडायच्या. असं डिझाइन अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये वापरात आलं, फेज बॉक्स म्हणतात, म्हणजे हजारो पुस्तकांची दुरुस्ती होईल तेव्हा होईल तोवर प्रत्येकाला निदान एक खोका तरी मिळावा हा विचार.

माझी चोपडी २० बाय ३२ आणि ४ सेंमी जाड होती. आतली उभी पट्टी २०.३ रुंद, लांबीत १६ + ४.१ + ३२.३ + ४.१ + १६ = ७२.५. बाहेरची आडवी पट्टी ३२.७ रुंद (आतल्या पट्टीच्या दोन भिंतींची जाडी धरून), लांबीत २०.५ + ४.४ + २०.५ + ४.३ + २०.३ = ७०. रुंदीची बेरीज ५३, म्हणजे ग्रेन शीटच्या छोट्या बाजूला समांतर असेल तर दोन्ही पट्ट्या एकाच शीटमधून निघतात आणि सगळ्या घड्या ग्रेनच्या दिशेने येतात. ग्रेन लांब बाजूला असेल तर दोन शीट घेऊनही जमत नाही, घड्या ग्रेनच्या दिशेने आणायच्या तर ७२.५ ची पट्टी ५६ मध्ये बसत नाही, म्हणून छोट्या बाजूला ग्रेन असलेली किंवा मोठी शीट शोधा, चालवून घेऊ नका, जाड कार्डात ग्रेनविरुद्धची घडी म्हणजे भांडण.

दोन्ही पट्ट्यांचे तळ एकावर एक ठेवून मध्यात एक चौकोन आखा, सुईने आधी भोकं पाडून घ्या आणि दुहेरी सुती दोऱ्याने धावदोरा घाला, टोकं बाहेरच्या बाजूला बांधा. आत टाक्यांचा उंचवटा राहतो म्हणून त्यावर आधाराचं कार्ड हवंच. मी एकदा ते विसरले आणि चोपडीच्या मागच्या पानावर टाक्यांची नक्षी उमटली. आधी आतली पाखं बंद, मग बाहेरची, आणि दोन ठिकाणी नाडी.

कुठला कागद कशात

सगळ्या कागदांना एकच औषध नाही. पोर्तुगीज काळातले स्टँपपेपरवरचे दस्त बघा, त्यांची तपकिरी शाई बहुतेक वेळा लोह आणि मायफळाची असते, ती दमट हवेत कागदच खात जाते, अक्षराच्या जागी भोक पडलेलं दिसतं. असा कागद कधीही प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका, कार्डाच्या फोल्डरमध्ये पातळ ॲसिड-फ्री कागद मध्ये घालून ठेवा आणि कोरडा ठेवा. मोडीतली जुनी पत्रं काजळाच्या शाईची असतील तर ती शाई कागद खात नाही आणि उजेडात उडत नाही, पण पाणी लागलं की पसरते.

वर्तमानपत्रांची कात्रणं वेगळ्या फोल्डरमध्येच. न्यूजप्रिंटमधलं आम्ल शेजारच्या कागदावर जातं, पत्रावर पिवळा चौकोन पडलेला दिसला तर तिथे कात्रण होतं हे ओळखावं. जुन्या घरांचे निळे नकाशे असतात ना, ब्लूप्रिंट, त्यांना बफर्ड कार्ड चालत नाही, अल्कलीने निळा रंग उडतो, तिथे न्यूट्रल पण बफर नसलेलं कागद-कार्ड मागायचं. फोटोंनाही मी तेच वापरते.

प्लॅस्टिक अगदीच हवं असेल, म्हणजे कागद सारखा दाखवायचा असेल, तर फक्त पॉलिएस्टर फिल्म, मायलर किंवा मेलिनेक्स या नावाने मिळते. पीव्हीसी नाही, जे नवीन असताना गोड वास मारतं ते बहुधा तेच. पॉलिएस्टरवर स्थिर वीज धरते म्हणून पेन्सिल, कोळसा, खडूची चित्रं त्यात घालू नका, रंग उचलला जातो. आणि कडा सगळ्या सील करायच्या नाहीत. गोव्यात सीलबंद म्हणजे दमट हवा आत कोंडून ठेवणं, बुरशीला साधारण ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता मिळाली की पुरे आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती त्याच्या कितीतरी वर असते. कार्ड निदान थोडी ओल शोषतं आणि सोडतं.

ठेवायचं कुठे

फोल्डर-पेट्यांवरून मांजरपाटाचं कव्हर घाला, पण आधी कापड दोनदा गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढा, नीळ आणि सुवासिक काहीही न घालता. लेबल पेन्सिलने, फोल्डरवर, आणि कागद आत ठेवायच्या आधी लिहा. काय आहे, कधीचं, दुरुस्ती कधी झाली आणि शेवटचं कधी उघडलं. फोल्डरं आडवीच ठेवा, एकावर एक चार-पाचच, मोठं खाली.

जागा म्हणाल तर चिऱ्याच्या भिंतीपासून लांब, आणि पश्चिमेची किंवा नैऋत्येची भिंत तर नकोच कारण पाऊस तिथेच झोडपतो. कपाट भिंतीपासून चार बोटं तरी पुढे, सगळ्यात खालचा खण रिकामा. माळ्यावर कौलांखाली नाही, देवघराशेजारी पण नाही, तेल आणि धूर असतो. डांबरगोळ्या कागदांत टाकू नका, त्यांची वाफ आपल्यालाच बाधते आणि बुरशीचं त्या काही करत नाहीत. वेखंडाचे तुकडे मी पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे ठेवते, पण मांजरपाटाच्या पुरचुंडीत आणि पेटीच्या बाहेर. जानेवारीत एक दिवस सगळं उघडून सावलीत हवा द्यायची, उन्हात नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी नुसतं कपाट उघडून नाकाने तपासायचं, वास आला तरच पेटी उघडायची. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, तो कागद बाकीच्यांपासून वेगळा करा, मास्क लावा आणि दुरुस्ती करणाऱ्याला विचारा.

आपल्याकडे हे काम किती जुनं आहे बघा, १५९५ साली दियोगो दो कोतो या पोर्तुगीज इतिहासकाराला इथल्या दप्तरखान्याचा पहिला रखवालदार नेमलं, तोच आजचा पणजीचा पुराभिलेख विभाग. तिथल्या लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या एका मोठ्या मालिकेचं नाव मोन्सोयश दो रेयनो, कारण पत्रं मान्सूनच्या वाऱ्यावर येणाऱ्या जहाजांनी यायची. जो पाऊस कागद घेऊन आला त्याच पावसापासून ते चारशे वर्षं वाचवताहेत, तेव्हा आपल्या दहा-वीस कागदांसाठी एक रविवार काढायला हरकत नाही.

कापलेले कोपरे फेकू नका. वरच्या फोल्डरमधून साधारण १६ बाय १२.५ चे चार तुकडे निघतात, त्यांत पासपोर्ट फोटो, नाटकाची तिकिटं, टपाल तिकिटं यांची छोटी फोल्डरं होतात. फक्त तुकडा बाजूला ठेवतानाच त्यावर पेन्सिलने ग्रेनचा बाण काढून ठेवा, नंतर एवढ्याशा तुकड्यात तो शोधणं कठीण जातं.